तिनं केलेला चौथा भाग

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बिरडं सोलणं. मोड आलेले वाल कोमट पाण्याच्या पातेल्यात, पातेलं दोघांच्या मधे आणि समोर कम्प्युटर. कम्प्युटरवर पांढरं गोल चक्र फिरत होतं आणि त्याखाली टक्के वाढत होते. जुनी सिस्टीम आता बंद होणार, नवी घालून घ्या, असं ते यंत्र वर्षभर सांगत होतं. त्या संध्याकाळी तिनं मनावर घेतलं. म्हणाली, शंभर टक्के व्हायच्या आत पातेलं रिकामं झालं पाहिजे.

माझ्या हातात वाल राहत नाही. अंगठ्यानं दाबला की साल एकीकडे आणि दाणा टेबलाखाली.

"अवो, दाबू नका. नुसतं चेपा. दाणा फुटतोय."

"तीस वर्षं व्हॉल्व फिरवलेत ह्या हातांनी. मला वाल शिकवतेस?"

"व्हॉल्वचं बिरडं करता आलं असतं तर तुमालाच सांगितलं असतं."

तेहतीस टक्क्यांवर चक्र थांबलं. यंत्र आपलं आपण बंद झालं, परत चालू झालं, इंग्रजीत चार ओळी आल्या आणि झालेलं सगळं उलटं फिरून पुन्हा जुनंच दिसायला लागलं. तिनं चष्मा वर करून त्या ओळी वाचल्या.

"पार्टिशनचं कायतरी बोलतंय."

"ते काय?"

"डिस्कचे भाग असतात ते. त्यातला कुठला तरी आड येतोय. म्हणून पुढं जात नाय."

मी हसलो. म्हटलं, "तुजी मढी आडवी आली असतील."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. पातेल्यात हात घालून तळाचा एक वाल काढला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "हा राहिला तुमचा."

मग बिरडं आणि भाकरी खाल्ली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी मला रोह्याला जायचं होतं. रोह्याबाहेरच्या एका केमिकल कंपनीत मी पंपहाऊसला होतो. पेन्शन किरकोळ आहे, पण वर्षातनं एकदा जाऊन अंगठा लावावा लागतो, तेव्हा आपण जिवंत असल्याचा दाखला मिळतो. मी निघालो तेव्हा ती कम्प्युटरसमोर बसलेली, पाठ माझ्याकडं. म्हणाली, "जावा. दार ओढून घ्या." एवढंच.

रोह्याला त्या मशीनला माझा अंगठा पटेना. केमिकलमध्ये बोटं झिजलेली. तीनदा लावला, चौथ्यांदा पटला. दुपारच्या गाडीनं परत निघालो. नागोठणं सोडलं आणि फोन वाजला. शेजारची सून. "काका, लवकर या." मी जिवंत असल्याचा कागद खिशात घेऊन घरी आलो, तर ही गेलेली. खुर्चीतच. डोकं टेबलावर, कीबोर्डच्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. अकरा-बाराच्या सुमाराला.

संध्याकाळी स्मशानातनं परत आलो. जिथं माणूस गेलं तिथं दिवा ठेवायचा असतो. चुलत बहीण आली होती, ती म्हणाली, "टेबल सरकव, दिवा इथंच लावायचा. आणि ते घरघरतंय ते बंद कर आधी." यंत्र सकाळपासनं चालूच होतं. पडद्यावर एक निळी पट्टी, जवळजवळ टोकाला पोचलेली. मी बघितली. बघून प्लग ओढला.

दिव्याखाली पीठ पसरून वर टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलतात आणि पिठावर कुणाचं पाऊल उमटलंय ते बघतात. बहिणीला चिमणीचं दिसलं. मला पीठ दिसलं.

तेराव्यानंतर माणसं पांगली. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं राहणारं कुणी नव्हतं. टेबल मी परत जागेवर आणलं आणि प्लग लावला. कशाला लावला ते सांगता येत नाही. जागा रिकामी वाटत होती म्हणून असेल. यंत्र चालू झालं, मला काही वापरता येत नव्हतं, थोड्या वेळानं ते आपलं आपण झोपून गेलं.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी चुलीवरनं भात उतरवत होतो आणि आतल्या खोलीत पंखा घरघरला. कम्प्युटरच्या पोटात असतो तो पंखा. दाराच्या फटीतनं निळा उजेड आला. मी तोंडातनं बोलून गेलो, "आलो गो."

बोललो आणि मग कळलं.

आत गेलो. खुर्ची रिकामी. पडद्यावर तिचं नाव आणि त्याखाली पासवर्डची चौकट. दहा-बारा मिनिटं तो उजेड खुर्चीवर पडून राहिला, मग विझला. दुसऱ्या दिवशी तसंच. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. वेळ तीच, ती शेजारणीकडनं येऊन देवाला दिवा लावायची ती. मी कुणाला सांगितलं नाही. म्हातारा भ्रमला म्हणाले असते. मी त्या वेळेला भात आधीच उतरवून खाटेवर जाऊन बसायला लागलो. भीती वाटायची का? वाटायची. पण प्लग काढायची भीती त्याहून जास्त वाटायची.

आता त्या मढ्यांचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचं गाव पेण आणि गडबच्या मधे, हायवेपासनं आत. आमच्या समोरच्या घरात इस्रायली राहायचे, म्हणजे इथलेच ज्यू, मूळचे तेलाच्या घाण्यावरचे. जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणत. बोलणं आपल्यासारखंच, जेवण आपल्यासारखंच, शनिवारी काम बंद. त्या घरातली बाई आणि माझी बायको म्हणजे एका ताटात खाणाऱ्या. मला ती दादा म्हणायची, हिला बाय. एकेक करत त्यांचे सगळे लोक इस्रायलला गेले, शेवटी तीही मुलाबरोबर गेली. जायच्या आदल्या दिवशी हिला हाताला धरून त्यांच्या कब्रस्तानात घेऊन गेली. तिच्या आईची जागा दाखवली. त्यांच्या गरिबीत दगडावर नाव कोरून घेणं झालं नव्हतं, नुसता काळा दगड पुरलेला. म्हणाली, "माझ्या आईकडं बघ गो."

ही अंगणवाडीत होती. कुणी काही सांगितलं की वहीत लिहून घ्यायची आणि करायची. आईकडं बघता बघता बाजूच्या कबरींकडं बघायला लागली. मग लांबलांबच्या लोकांचे निरोप यायला लागले, आमच्या आजोबांचा दगड धुवा, आमच्या आत्याचा फोटो पाठवा. अंगणवाडीतनं रिटायर झाल्यावर पेणला जाऊन तिनं कम्प्युटरचा कोर्स केला. तिथल्या रामवाडीतलं एक सायबर कॅफे बंद होत होतं, तिथनं हे यंत्र आणलं. दोन महिन्यांतनं एकदा कोयता, केरसुणी आणि पाण्याचा कॅन घेऊन निघायची. मी स्कूटरवर सोडायचो. आत कधी गेलो नाही. गेटवर स्कूटर लावून कब्रस्तानाकडं पाठ करून बसायचो. ती म्हणायची, "अवो, एक फांदी तेवढी तोडून द्या, माझा हात पोचत नाय." मी म्हणायचो, "मढ्यांच्यात मी येणार नाय. तुला आवड हाय, तू तोड." घरी आल्यावर तिला बाहेरच्या नळावर अंघोळ करायला लावायचो. ती वाद न घालता करायची.

एक दिवस कम्प्युटरवर आमच्या लग्नाचे फोटो बघायला बसलो. जुने फोटो तिनं पेणला जाऊन यंत्रात घालून आणले होते. बघत गेलो तर आमच्या अंतरपाटानंतर लगेच एक कबर. मग तिचे आईबाप, मग पुन्हा दोन कबरी. मी ओरडलो. "लग्न आणि मढी एका कपाटात? काढ ते. घरात नको."

"घराबाहेर कुठं ठेवू? कम्प्युटर घरातच हाय."

"ते तुजं तू बघ."

दोन दिवसांनी म्हणाली, "केली सोय. त्यांना वेगळी खोली दिली. मधी भिंत घातलीय."

"भिंत पक्की ना?"

"पक्की."

मला बरं वाटलं. मी माणूस असा होतो. होतो कशाला म्हणू, आहे.

तर ती जाऊन दीड महिना झाला आणि इस्रायलवरनं त्या बाईचा फोन आला. आधी रडली. मग म्हणाली, "दादा, मी येतेय पुढच्या आठवड्यात. गुडघे गेलेत, हे शेवटचं येणं. आईच्या जागेवर नावाचा दगड बसवायचाय. पेणला दगड कोरायला सांगून ठेवलाय. पण जागा बायला ठाऊक होती."

"तू बघितलीयस ना?"

"पंचवीस वर्षं झाली, दादा. कंपाउंडची भिंत पडून नवी झाली, चिंच तोडली, बायनंच सांगितलेलं. मला आता आत गेल्यावर दिशा कळायची नाय. ती दरवर्षी एक फोटो पाठवायची, शेवटचा तेवढा फोनमधी हाय. पण जवळनं काढलाय, दगड आणि अबोली. तसले बिननावाचे दगड दहा-बारा तरी हायत. दुसऱ्याच कुणाच्या डोक्याशी माझ्या आईचं नाव लागलं तर? ती कम्प्युटरात सगळ्यांची नावं घालून ठेवायची. बघाल का तुम्ही?"

मी बघतो म्हणालो. बोलून गेलो.

शेजारच्या सुनेला तिचा पासवर्ड माहीत होता, तिनं उघडून दिलं. घराचा भाग उघडला, लग्न होतं, आईबाप होते. मढ्यांसाठी केलेल्या चौथ्या भागाची खूण दाबली तर उघडेना. एक चौकट आली. शेजारची सून म्हणाली, "काका, हे विचारतंय, फॉरमॅट करायचं का? हो म्हणू?" मी म्हणणारच होतो हो. काय विचारतंय ते कळलं नव्हतं, पण विचारतंय तर हो म्हणावं, असं वाटलं. मग कसं कुणास ठाऊक, म्हटलं, "राहू दे. बंद कर." ती पुसायची परवानगी मागत होती, ती चौकट. हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

रामवाडीत एका बाईचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशी उलटलेली. हिच्याबरोबर कोर्सला होती, बाजूबाजूच्या मशीनवर बसायच्या. नंतर तिनं पुढचं शिकून दुकान टाकलं. मी यंत्राचा डबा स्कूटरवर दोन पायांच्या मधे ठेवून नेला. तिनं तो ओळखला. पदरानं वरची धूळ पुसली. मग जोडला आणि बराच वेळ पडद्याकडं बघत राहिली.

"भावजी, प्लग कुणी काढला?"

"मी."

"चालू असताना?"

"दिवा लावायचा होता."

तिनं स्टूल पुढं सरकवलं. मग म्हणाली, "बसा. चहा सांगते."

चहा येईपर्यंत तिनं एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर लांबट चौकोन काढला आणि त्याला तीन आडव्या रेघा मारल्या.

"ही तुमची डिस्क. जुन्या मांडणीची हाय. ह्या मांडणीत चारच भाग बसतात, पाचवा नाय. पहिला छोटा, मशीन जागं करायचा. दुसरा सिस्टीमचा. तिसऱ्यात तुमचं घरचं. चौथ्यात तिचे फोटो. आता नवी सिस्टीम यायची तर तिला आपली एक छोटी जागा लागते. चारी भरल्यात. ती बसंल कुठं? म्हणून अडत होतं."

"चौथा नसता तर?"

"तर त्याच संध्याकाळी झालं असतं."

मी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या तोंडातनं त्या संध्याकाळी काय निघालं होतं ते तिला सांगितलं नाही. अजूनपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, इथंच लिहिलं.

"मी तेव्हा विचारलेलं तिला," ती म्हणाली. "म्हटलं, फोल्डर कर की, वेगळा भाग कशाला गो? तर म्हणाली, आमच्या घरात एक सोवळा हाय, त्याला फोल्डर चालत नाय, भिंतच लागते." आणि ती हसली. मग माझं तोंड बघून थांबली.

पुढं तिनं यंत्राची नोंदवही उघडली. यंत्र काय कधी केलं ते स्वतःच लिहून ठेवतं, हे मला माहीत नव्हतं. पंपहाऊसला आम्ही हातानं लिहायचो. ती वाचत गेली. "त्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी तिनं काम लावलंय. चौथा भाग आक्रसून घ्यायचं. स्वतःची जागा कमी करून मधे जागा सोडत होती, मग मांडणी नवी करणार असंल, नव्या मांडणीत पाचवा भाग बसतो. मोठं काम हाय, डिस्क जुनी, तासन् तास लागतात. संध्याकाळी पावणेसातला तुटलंय. एकोणनव्वद टक्के झालेलं."

म्हणजे अकरा वीसला ती होती. तिच्या बोटानं बटण दाबलं गेलं होतं. त्यानंतर केव्हा तरी डोकं टेबलावर टेकलं, आणि तिनं लावून दिलेलं काम दिवसभर चालू राहिलं. माणसं आली, रडली, तिला उचललं, नेलं, जाळलं, आणि ते काम चालूच होतं. अकरा टक्के राहिले होते.

पंप चालू असताना पुढचा व्हॉल्व बंद करायचा नाही, लाईन फुटते. हे मी किती जणांना ओरडून शिकवलं, त्याची मोजदाद नाही.

"गेलं का सगळं?" मी विचारलं.

"माहीत नाय. आधी पुढं काय नाय करायचं. मूळ डिस्कला हात लावायचा नाय. तिची जशीच्या तशी नक्कल काढायची, दुसऱ्या डिस्कवर. काय झटापट करायची ती नकलेवर. बिघडलं तर नक्कल बिघडंल." मग म्हणाली, "तुमी त्या चौकटीला हो म्हणाला नाय, तेवढी तिची पुण्याई."

नकलेला पूर्ण दिवस गेला. दुसरा दिवस तिनं नकलेत शोधण्यात घालवला. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. गेलो.

"फोटो हायत," ती म्हणाली. "थोडे फाटलेत, बाकीचे हायत. पण नावं गेली."

"कसली नावं?"

"तिनं एकेका फोटोला नाव दिलं असंल ना? कोणाची कबर, कुठल्या बाजूला. ती यादी जिथं असते तिथंच मोडतोड झाली. आता नुसते आकडे हायत. एक, दोन, तीन. आतला माल हाय, वरची चिठ्ठी गेली."

चारशेच्या वर फोटो. आम्ही एकेक बघायला बसलो. मी पहिल्यांदा आत बघत होतो. इतकी वर्षं पाठ केलेली ती जागा. दगडांवर मराठी अक्षरं, खाली हिब्रूतली. कुणाची आजी, कुणाचा दोन वर्षांचा मुलगा. मला वाटलं होतं तसं त्यात काही नव्हतं. गवत कापलेलं, दगड धुतलेले, ओले.

दहा-वीस फोटो झाल्यावर दुकानवाली म्हणाली, "भावजी, ही बघा." कबरीवर एक सावली पडलेली. डोक्यावर पदर, हात वर करून फोन धरलेला. तिची. पुढच्या फोटोत तीच. सकाळी पाठीवर ऊन घेऊन काढायची ना, म्हणून प्रत्येक दगडावर पडलेली. कुठं आखूड, कुठं लांब, दगड चढून पलीकडं गेलेली. आमच्या घरच्या फोटोंत ती जवळजवळ नाहीच, कारण फोटो काढायची तीच. इथं सगळीकडं होती. आमच्यात दगड नसतो. राख खाडीत सोडली की झालं. आणि इथं दुसऱ्यांच्या चारशे दगडांवर ती उभी.

दुकानवालीनं उठून पंखा मोठा केला. मला पाणी दिलं.

मग अबोली सापडली. इस्रायलच्या बाईनं मला पाठवलेला जवळचा फोटो माझ्या फोनमध्ये होता, काळा दगड, वर अबोलीचा गजरा, एक टोक तुटून खाली लोंबलेलं. तोच गजरा, तेच तुटलेलं टोक, पण ह्या फोटोत लांबनं. दगड खाली, मागं नवी भिंत, भिंतीत गेट आणि गेटच्या बाहेर स्कूटर. स्कूटरवर एक माणूस, पाठ करून बसलेला. टक्कल चमकतंय.

"हे कोण?" दुकानवाली म्हणाली, आणि तिलाच कळलं.

"मीच," मी म्हटलं. "स्कूटर कुठं लावतो ते मला ठाऊक हाय. नेहमीची जागा ती. म्हणजे दगड कुठं हाय ते काढता येईल."

तिनं त्या फोटोचा कागद काढून दिला. मी घडी न घालता शर्टाच्या आत धरला.

"आता दुसरं," ती म्हणाली. "मोडलेला चौथा भाग काढून टाकला की मांडणी नवी करता येते आणि सिस्टीम पण चढते. तिनं चौथा ठेवून तेच करायला घेतलं होतं. करू का?"

"कर."

"फोटो पेनड्राइव्हवर वेगळे देते. तुमाला घरच्यात नको असतील ना?"

शर्टाच्या आतला कागद मी नीट केला. मग म्हणालो, "तिसऱ्यात टाक."

"घरात?"

"व्हय. लग्नाच्या बाजूला. भिंत नको."

तिनं टाकले. मग कीबोर्ड माझ्याकडं सरकवला, पण लगेच हात आडवा धरला. "आणि एक सांगून ठेवते, भावजी. नोंदीत दिसलं मला. हे रोज संध्याकाळी आपलं आपण जागं होत होतं. अडलेलं काम पुरं करायला उठायचं, जमायचं नाय, परत झोपायचं. आता काम पुरं झालं की नाय उठणार."

मी तिच्याकडं बघितलं. मी तर कुणाला बोललो नव्हतो. ती पडद्याकडं बघत होती, माझ्याकडं नाही. बाहेर हायवेवरनं ट्रक जात होते, काउंटरवरची काच थरथरत होती.

मनात म्हटलं, नको करू म्हणावं. कागद मिळालाय, त्या बाईचं काम झालं, यंत्र तसंच घरी न्यावं. रोज दहा-बारा मिनिटं. म्हाताऱ्याला तेवढं पुष्कळ झालं. कुणाचं काय जातंय?

पण ती अकरा वीसला त्यासाठीच बसली होती. स्वतःची जागा आक्रसून घेत होती.

"कुठलं दाबू?" मी विचारलं.

तिनं दाखवलं. मी दाबलं. पुठ्ठ्यावरच्या चौकोनासारखाच पडद्यावर चौकोन होता, त्यातली शेवटची रेघ गेली. पुढचं तिनं केलं, मला कळलं नाही. चक्र फिरायला लागलं. तेहतीस आले, तिथं मी उठून उभा राहिलो. चौतीस आले. शंभर व्हायला चार वाजले. नव्या सिस्टीमनं तिच्या नावानं नमस्कार केला आणि लग्नाचा फोटो मागं दिसायला लागला.

यंत्र घरी आणलं, टेबलावर ठेवलं, प्लग लावला. दिवेलागणीला खाटेवर जाऊन बसलो. खोली अंधारात गेली. काही झालं नाही. मी बसून राहिलो आणि भात करायचा विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर कोयता घेतला, कॅन भरला आणि कब्रस्तानात गेलो. स्कूटर नेहमीच्या जागी लावली, आरसा गेटच्या खांबाकडं करून, फोटोत होता तसा. गेटला कुलूप नसतं, कडी असते. कडी काढायला हात उचलेना. मग काढली.

तिच्या शेवटच्या फेरीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत गवत गुडघ्याच्या वर गेलेलं. कागद समोर धरला आणि गेटकडं तोंड करून मागं मागं चालत गेलो. एका दगडाला अडखळलो, त्याची माफी मागितली. कागदात स्कूटरचं मागचं चाक खांबाच्या आड अर्धं झाकलेलं आहे. मी डावीकडं सरकलो, चाक पूर्ण दिसलं. उजवीकडं सरकलो, अर्धं झाकलं. तिथनं मागं, भिंतीची वरची कड आणि हायवेचा टॉवर एका रेषेत येईपर्यंत. आले. पायाखाली गवत होतं. बसलो आणि कापायला लागलो. सवय नाही, वेळ लागला. एक बिननावाचा काळा दगड निघाला, डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला. कागदावर बघितलं. टवका होता. दगडाच्या बुडाशी सुताचा एक तुकडा मातीत रुतलेला, फुलं गळून गेलेल्या गजऱ्याचा असावा.

कॅनचं पाणी ओतलं आणि हातानंच दगड चोळला. मग इस्रायलला फोन लावला. तिकडं पहाटेची वेळ असणार, तरी तिनं पहिल्या घंटीला उचलला.

"दादा?"

"ये," मी म्हटलं. "तुझ्या आईजवळच बसलोय."

तिकडनं नुसता श्वास ऐकू येत होता. मी फोन तसाच चालू ठेवून दगडावर ठेवला आणि बाजूच्या कबरीचं गवत कापायला घेतलं.